बिनब्रेकच्या जुन्या बीएमएक्सला ब्रेकचे स्टड बसवताना

भंगारातली बीएमएक्स, म्हणजे लहान चाकांची कसरतीची सायकल, घरी आली की पहिला आठवडा नुसता कौतुकात जातो. चेनला तेल, हँडलला नवे ग्रिप, एखादा स्टिकर. दुसऱ्या आठवड्यात ध्यानात येतं की गाडी थांबवायला चपलेचा तळवा घासावा लागतोय. सांगलीच्या विश्रामबागेतल्या सपाट गल्ल्यांत ते खपून जातं, दंडोबाच्या डोंगरावरून खाली येताना खपत नाही.

मग आपण ब्रेकचा सेट घेऊन सायकलवाल्याकडे जातो. तो फ्रेम उलटीपालटी करून बघतो आणि म्हणतो, "ह्याला ब्रेक बसायला जागाच न्हाई." ते खरं असतं. ब्रेकचे दोन हात ज्या दोन खुंटांवर फिरतात ते खुंट, म्हणजे स्टड, त्या फ्रेमला नसतातच. ती जागा कशी तयार करायची ते पुढे लिहिलंय. मी आजवर अशा चार फ्रेम केल्या. पहिली बिघडवली, आणि ती आगीने, म्हणजे वेल्डिंगने, बिघडली नव्हती. आगीचं काम पंधरा-वीस मिनिटांचं असतं. घोळ होतो तो त्याच्या आधीच्या दोन तासांत, टेप हातात असताना.

आधी फ्रेम कशाची आहे ते बघा

खिशात लोहचुंबक ठेवा. फ्रेमला चिकटला तर लोखंड. नाही चिकटला तर ॲल्युमिनियम, आणि मग या लेखातला वेल्डिंगचा भाग तुमच्यासाठी नाही. ॲल्युमिनियमवर लोखंडी स्टड डकवता येत नाही. ॲल्युमिनियमचाच स्टड लावला तरी त्या उष्णतेने आसपासची नळी मऊ पडते आणि तिला पुन्हा भट्टीतून काढावं लागतं. ते घरगुती काम नव्हे.

लोखंडातही दोन जाती. स्वस्त सायकलींची नळी साध्या पोलादाची, जाड आणि जड असते. चांगल्या बीएमएक्सची क्रोमोली, म्हणजे क्रोमियम आणि मोलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची, असते. सीटच्या नळीवर ४१३० असा आकडा किंवा स्टिकर दिसला तर क्रोमोली समजा. ती नळी पातळ असते, भिंत एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. हा फरक वेल्डरला सांगायला लागतो, म्हणून आत्ताच बघून ठेवा.

आता खास सांगलीकरांसाठी. फ्रेम कुठून आली ते विचारा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गावभाग आणि आसपासच्या कित्येक घरांत पाणी आठवडाभर होतं. त्या पाण्यात बुडालेल्या सायकली नंतर भंगारात गेल्या आणि आज त्याच आपल्या हातात येतात. बाहेरून रंग शाबूत आणि नळी आतून खाल्लेली, असं होतं. सीटचा दांडा काढून आत बॅटरी मारा. फ्रेम हलवून कान द्या. गंजाचा भुगा खळखळला, किंवा पेचकसच्या मुठीने ठोकल्यावर एखाद्या ठिकाणी आवाज बद्द आला, तर तिथे नळी गेलेली असू शकते. मागच्या नळ्या अशा असतील तर फ्रेम सोडून द्या. स्टडवर ब्रेकचा सगळा जोर येतो आणि तो त्या नळीवरच जातो. शिवाय बंद नळीत पाणी साचलं असेल तर आग लावल्यावर त्याची वाफ होते आणि ती झाळेतूनच, म्हणजे वेल्डिंगच्या सांध्यातूनच, फुटून बाहेर येते. दोन दिवस कडक उन्हात फ्रेम उलटी टांगा, मगच पुढचं.

वेल्डिंग टळतंय का बघा

बीएमएक्सचा खेळ सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात पोरांनी मातीच्या ट्रॅकवर सुरू केला. त्या काळच्या घडणीच्या गाड्यांना मागे बऱ्याचदा कॅलिपर ब्रेक असायचा, म्हणजे एकाच बोल्टवर बसणारा चिमट्यासारखा ब्रेक. कॅलिपरला स्टड लागत नाहीत. सीटपासून मागच्या एक्सलपर्यंत दोन नळ्या उतरतात, त्यांना जोडणारी एक छोटी आडवी नळी चाकाच्या वर असते. तिच्यात आरपार भोक असेल तर तुमचं काम एका बोल्टवर आहे. भोकाच्या मध्यापासून रिमच्या कडेच्या मध्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, कागदावर लिहा आणि तेवढ्या लांब हातांचा कॅलिपर शोधा. साध्या सायकलीचा कॅलिपर बहुतेक वेळा आखूड पडतो आणि रबर टायरला घासतं. तो चालवून घेऊ नका, टायर फाटतो.

आडवी नळी आहे पण भोक नाही, म्हणून ड्रिल मारायची घाई करू नका. पातळ नळीत नुसतं भोक पाडून बोल्ट आवळला की नळी चेपते. आतून बुश, म्हणजे छोटी जाड नळी, झाळून घ्यावं लागतं, म्हणजे आग आलीच.

दुसरी वाट क्लॅम्पची. नळीला कडं आवळून त्यावर स्टड देणारे सेट मिळतात. नळीचा व्यास व्हर्निअरने मोजूनच मागवा, अर्ध्या मिलिमीटरचा फरकही पुढे त्रास देतो. कडं सैल वाटलं तर आत रबर घालायचा मोह होतो. रबरावर क्लॅम्प फिरतो. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून घाला. सपाट गावात, हलक्या पोराच्या गाडीला क्लॅम्प चालतो. उतारावर मला त्याचा भरवसा नाही.

पुढच्या चिमट्याबद्दल, म्हणजे फोर्कबद्दल, एकच सांगतो आणि विषय सोडतो. त्याला घरगुती वेल्डिंग करू नका. मागचा स्टड तुटला तर ब्रेक जातो, पुढचा चिमटा तुटला तर दात जातात. पुढे ब्रेक हवाच असेल तर स्टड असलेला २० इंची चिमटा आणून बदला.

व्ही-ब्रेक की यू-ब्रेक

बीएमएक्सवाल्यांचा आवडता ब्रेक यू-ब्रेक. अंगाबरोबर बसतो, पायाला लागत नाही. पण आपल्याकडे तो मागवावा लागतो, आणि त्याचे स्टड रिमच्या वर, टायरच्या बाजूला येतात. व्ही-ब्रेक म्हणजे दोन सरळ उभ्या हातांचा ब्रेक, त्याचे स्टड रिमच्या खाली, हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) बाजूला. म्हणजे एकाची जागा दुसऱ्याला चालत नाही. आधी ब्रेक हातात घ्या, मग जागा ठरवा. नवख्याने व्ही-ब्रेक घ्यावा असं माझं मत आहे. कोणत्याही गिअरच्या सायकलीचा बसतो, रबरं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. मूठही व्ही-ब्रेकचीच घ्या. कॅलिपरची मूठ केबल कमी ओढते, तिच्यावर व्ही-ब्रेक धड लागत नाही.

स्टड विकत शोधत बसू नका. भंगारवाल्याकडे मोडकी लोखंडी गिअरची सायकल मिळते. चुंबक लावून खात्री करा, मागचे दोन स्टड नळीच्या तुकड्यासकट हॅक्सॉने कापून आणा. नंतर उरलेली नळी कानसून काढा. बूड गोल कोरलेलं असेल तर ते तसंच ठेवा, ते नव्या नळीवर छान बसतं. आतले आटे एम-६ चे असतात. एक बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरवून बघा. आटे गेलेला स्टड कितीही सुबक असला तरी परत द्या.

स्टडच्या बुडाशी स्प्रिंगची टोकं अडकवायला तीन बारीक छिद्रं असतात. ती कोणत्या बाजूला आली पाहिजेत यात पुष्कळ जण फसतात, कारण डावा आणि उजवा स्टड आरशातल्यासारखे असतात. कापायच्या आधीच त्या मोडक्या सायकलीचा मागून फोटो काढून ठेवा. स्टडवर मार्करने "डा" आणि "उ" लिहा.

मोजमाप, म्हणजे खरं काम

आता चाक बसवा. पण कसं तरी नाही. आधी रिमचा आऊट काढून घ्या, कारण वाकड्या रिमवर धरलेलं माप वाकडंच येणार. टायरवर ४०६ हा आकडा आहे ना ते बघा, उदाहरणार्थ ५०-४०६. ४५१ असेल तर ती वेगळी, मोठी रिम आहे. उद्या तुम्ही नेहमीची बीएमएक्सची रिम घातली तर ब्रेक तब्बल दोन सेंटिमीटर वर राहील.

मग एक्सल. बीएमएक्सला मागे एक्सलची खाच लांब असते, चेन ताणण्यासाठी चाक पुढे-मागे सरकतं. माझी पहिली फ्रेम इथेच गेली. चेन नवी होती, आखूड होती, चाक खाचेच्या पार पुढच्या टोकाला होतं. मी तसंच माप धरलं, स्टड डकवून घेतले, ब्रेक झकास लागला. दोन महिन्यांनी चेन ढिली झाली म्हणून चाक बोटभर मागे घेतलं आणि रबरं सरळ टायरवर जाऊन बसली. रबरं खाली सरकवायला ब्रेकच्या हातांवरच्या फटीत जागाच उरली नव्हती. स्टड कापून पुन्हा लावावे लागले, आणि नळीला एकाच जागी दोनदा आग लागली. तेव्हा चेन नीट ताणून एक्सल खाचेच्या मधोमध येईल असं आधी करा. लागली तर चेनची एक कडी काढा किंवा घाला. चाक दोन्ही नळ्यांच्या बरोबर मध्ये आहे याचीही खात्री करा.

व्ही-ब्रेकच्या स्टडचा मध्य रिमच्या घासणाऱ्या पट्टीच्या मध्यापासून साधारण २५ मिलिमीटर खाली, हबच्या बाजूला येतो. ४०६ च्या रिमची त्रिज्या २०३ मिलिमीटर, म्हणजे एक्सलच्या मध्यापासून सुमारे १७८. पण माझ्या आकड्यावर जाऊ नका. तुमच्या हातातल्या ब्रेकचा एक हात घ्या, फिरायच्या भोकापासून रबराच्या फटीच्या मध्यापर्यंत मोजा आणि तेच माप धरा. रबर फटीच्या मध्यावर आलं म्हणजे पुढे वर-खाली करायला दोन्हीकडे वाव राहतो.

ही खूण दोन्ही नळ्यांवर करा. डोळ्याने नको. एक्सलच्या टोकाला न ताणणारा दोरा बांधा, एका बाजूला खुणेपर्यंत ताणून गाठ मारा आणि तीच गाठ दुसऱ्या बाजूला नेऊन खूण करा. मग नळ्यांच्या सांध्यापासून, वरून खाली, पुन्हा मोजा. दोन्ही मापं जुळली नाहीत तर बहुतेक वेळा चाक तिरकं बसलेलं असतं, क्वचित फ्रेमच तिरकी असते. पुढे जायच्या आधी कोणतं ते शोधा.

दोन स्टडमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ८० मिलिमीटर ठेवा. आणि ते दोन्ही एकमेकांना समांतर हवेत, नाहीतर एक रबर रिमला सपाट लागतं आणि दुसरं कडेवर. यासाठी एक सोपी युक्ती. २५ बाय ५ ची लोखंडी पट्टी वीतभर कापून घ्या. तिच्यात ८० मिलिमीटरवर दोन भोकं पाडा, बोल्ट जेमतेम जाईल एवढीच. आधी सेंटर पंचने ठोका म्हणजे ड्रिल घसरत नाही. दोन्ही स्टड या पट्टीला बोल्टने आवळा. आता ते सुटे दोन तुकडे न राहता एकच वस्तू झाली. अंतर आणि समांतरपणा पट्टीने सांभाळला, तुम्ही फक्त उंची आणि काटकोन सांभाळायचा. पट्टी लावायच्या वेळी चाक काढावं लागतं, कारण ती आऱ्यांच्या जागेतूनच जाते. म्हणून खुणा आधी, पट्टी नंतर.

पट्टी नळ्यांच्या मागच्या बाजूला धरून बघा. स्टडचं बूड आणि नळी यांत फट दिसली तर गोल कानशीने बूड थोडं थोडं घासा. उजेडाकडे धरल्यावर फट केसाएवढी उरली पाहिजे. इथे कंटाळू नका. मोठी फट वेल्डर माल भरून बुजवतो, आणि तो माल थंड होताना स्टड ओढून घेतो.

आगीचं काम

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९१० मध्ये आपल्या कुंडल रोडजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडाला हात घालायची सवय या जिल्ह्याला जुनी आहे. कुपवाडच्या एमआयडीसीत फिरलात तर आर्गन वेल्डिंग करणारा माणूस शोधावा लागत नाही. फक्त गेट-ग्रिलवाल्याकडे जाऊ नका. तो वाईट कारागीर असतो म्हणून नव्हे, त्याच्याकडची साधी काडी पातळ नळीला भोक पाडते म्हणून.

दोन पद्धती चालतात. एक आर्गन, म्हणजे त्या वायूच्या आवरणाखाली विजेने केलेलं वेल्डिंग. दुसरी गॅसवर पितळेची झाळ: नळी न वितळवता तांबूस लाल तापवायची, टाकणखार लावायचा आणि पितळेची काडी वितळवून सांध्यात ओढून घ्यायची. पितळ ९०० अंशांच्या आसपास वितळतं, पोलादाला १४०० च्या वर जावं लागतं, म्हणून नळी वितळायची भीती नसते. पातळ नळीसाठी मला पितळ आवडतं. पण मुरलेला हात हवा. आर्गनवाला चांगला आणि गॅसवाला नवशिका असेल तर आर्गन घ्या.

जाण्याआधी घरी करायची तयारी. खुणेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच रंग पार खरवडून लोखंड उघडं करा. फ्रेमवर क्रोमचा मुलामा असेल तर तोही ग्राइंडरने पूर्ण काढा. क्रोमवर झाळ धरत नाही आणि त्याचा धूर छातीला फार वाईट. मास्क आणि चष्मा लावून, मोकळ्यावर करा. चाक, टायर, सीट, केबल, सगळं उतरवा. मागच्या खाचेत मात्र एखादा जुना हब नटांनी आवळून बसवा, नाहीतर उष्णतेने दोन्ही नळ्या आत-बाहेर ओढल्या जातात आणि नंतर चाकच बसत नाही. स्टडच्या आट्यांत पट्टी धरणारे जुने बोल्ट असतीलच, ते काम संपेपर्यंत काढू नका. आट्यांचं रक्षण तेच करतात.

वेल्डरला आधी नुसते टाके मारायला सांगा, प्रत्येक स्टडला दोन. मग थांबवा. त्याला हे आवडत नाही, तरी थांबवा. निवल्यावर पट्टी काढा, हब काढून चाक घाला, ब्रेकचे हात स्टडवर चढवा आणि रबर रिमवर कुठे येतं ते बघा. स्प्रिंगची छिद्रं फोटोशी ताडून पाहा. चुकलं असेल तर आत्ता एका हातोडीत सुटतं. बरोबर असेल तर पट्टी आणि हब पुन्हा लावून पूर्ण झाळ, एकदा डावीकडे थोडी, एकदा उजवीकडे थोडी.

आणि शेवटी पाण्याचा डबा. आमच्या वेल्डरमामांची सवय अशी की काम झालं की गरम सांध्यावर पाणी. मी "मामा, पाणी नको" म्हणालो तर ते म्हणाले, "आवो, त्यानं काय हुतंय, गार हुतंय लवकर." साध्या पोलादाचं फारसं काही बिघडत नाही. क्रोमोली मात्र लाल असताना पाण्यात गेली की कडक आणि ठिसूळ होते, आणि पुढे सांध्याच्या कडेलाच तडकते. पंख्याचा वाराही नको. चहा सांगा, दोघांना. चहा होईस्तोवर ती आपोआप निवते.

नंतरची जोडणी

पितळेची झाळ असेल तर सांध्यावर टाकणखाराची काचेसारखी खपली राहते. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा, मग तारेच्या ब्रशने घासा. ती राहिली तर रंगाखालून गंज चढतो. बोल्ट काढून आट्यांतून एम-६ चा टॅप एकदा फिरवा. मग त्याच दिवशी रेड ऑक्साइड मारा. पावसाळ्यात उघडं लोखंड रात्रभर ठेवलं तर सकाळी तांबूस झालेलं असतं. स्टडच्या गोल अंगावर रंग लावू नका, ब्रेकचा हात तिथे फिरायचा असतो. तिथे ग्रीस.

स्प्रिंगचं टोक मधल्या छिद्रात घाला. रबर रिमपासून दीड-दोन मिलिमीटर लांब, टायरला कुठेच न लागता. रबराचं पुढचं टोक किंचित आत ठेवा म्हणजे किंचाळत नाही. केबलसाठी फ्रेमवर कड्या झाळत बसू नका. केबलची बाहेरची नळी अखंड घ्या आणि प्लास्टिकच्या टायने बांधा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून केबल ताणत नाही ना ते बघा. हँडल गरागरा फिरवायचा खेळ करायचा असेल तर जायरो नावाचा वेगळा भाग लागतो, पण आधी थांबायला शिका.

रस्त्यावर जायच्या आधी जागेवर उभं राहून मूठ जीव खाऊन दाबा आणि मागून कुणाला तरी नळ्यांकडे बघायला सांगा. नळ्या बाहेर फाकताना दिसल्या तर दोन्ही स्टडना जोडणारी कमानीसारखी बूस्टर पट्टी लावा. जुन्या बीएमएक्सच्या रिमा बऱ्याचदा क्रोमच्या लोखंडी असतात. कोरड्यात त्या ठीक, ओल्या झाल्या की रबर नुसतं घसरतं. तुमची तशी असेल तर पावसात लांबूनच ब्रेक धरायला सुरुवात करा, आणि जमेल तेव्हा ॲल्युमिनियमची रिम घाला.

पहिला पंधरवडा सपाटीवर चालवा. दर दोन-तीन दिवसांनी झाळेच्या कडेने नख फिरवा आणि उजेडात बघा. रंगात केसासारखी रेघ आणि तिच्यातून गंजाचा तांबूस ओघळ दिसला तर त्यावर रंग मारू नका. ब्रेक उतरवा आणि फ्रेम परत मामांकडे न्या.